पुण्यांतील एका नादाची वंशावळ

मराठी भाषेंत 'नाद' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. गवयाच्या कंठांतून निघतो तोहि नाद, आणि घरांतील मुलगा ज्याच्या पायीं अभ्यासाकडे पाठ फिरवितो तोहि नादच. पहिल्यास आपण विद्या म्हणतों, दुसऱ्यास खूळ. परंतु पुण्याच्या गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास पाहूं गेल्यास या दोहोंमधील भिंत फार पातळ असल्याचें दिसून येतें. एका पिढीनें खूळ म्हणून ज्याला नाक मुरडलें, तेंच पुढच्या पिढीनें संस्कृतीचें वैभव म्हणून डोक्यावर घेतलें, असें या शहरांत एकाहून अधिक वेळां घडलें आहे.

आज ज्या नादाविषयीं मध्यम वर्गाच्या घरांतून कुरकुर ऐकूं येते, तो जपानी चलच्चित्रांचा आहे. या चित्रांस 'अ‍ॅनिमे' म्हणतात. कॉलेजांतील मुलगे व मुली रात्र रात्र जागून त्यांच्या मालिका पाहतात. त्यांतील पात्रांसारखे केस रंगवितात. पुठ्ठ्याच्या तरवारी करतात, झगे शिवून घेतात आणि त्या वेषांत मेळाव्यांना जातात. आवडत्या पात्रांचीं चित्रें काढतात, त्यांच्या न घडलेल्या कथा स्वतः रचतात, आणि हें सर्व करतां करतां जपानी अक्षरेंहि गिरवूं लागतात. वडील माणसांचे यावर दोन आक्षेप असतात. एक, हीं पोरांचीं चित्रें असून वीस-बावीस वर्षांच्या मनुष्यानें त्यांत रमावें हें शोभत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हें वेड परकें आहे, आपल्या मातींत त्याला मूळ नाहीं. हे दोन्ही आक्षेप इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे. आम्ही स्वतः या चित्रांचे भक्त नव्हों. परंतु आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांपैकीं पुष्कळजण आहेत, आणि शिक्षकानें आपल्या विद्यार्थ्यांच्या नादाची निदान कुळकथा तरी जाणावी असें आम्हांस वाटतें.

हीं चित्रें आपल्याकडे आलीं त्यास आतां एक पिढी लोटली. १९९३ सालीं दूरदर्शनवर रविवारीं सकाळीं 'जंगल बुक' ही मालिका दिसूं लागली, तेव्हां ती जपानी आहे हें फार थोड्यांच्या ध्यानांत आलें असेल. मुंबईंत जन्मलेल्या किपलिंगचें पुस्तक, मध्य प्रांतांतील शिवनीचें अरण्य, जपानी चित्रकारांनीं १९८९ सालीं हलतीं केलेलीं चित्रें, गुलजारांचें हिंदी शीर्षकगीत, आणि शेरखानाच्या तोंडीं आमच्या नाना पाटेकरांचा आवाज, असा तो मेळ होता. पुढें २००४ सालीं केवळ अशाच चित्रांस वाहिलेली 'अ‍ॅनिमॅक्स' ही वाहिनी भारतांत सुरू झाली व २०१७ सालीं ती येथें बंद पडली. वाहिनी बंद पडली तरी नाद ओसरला नाहीं. २०१९ सालीं माकोतो शिनकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' हा चित्रपट येथील चित्रगृहांत लागावा म्हणून चाहत्यांनीं सह्यांचा एक अर्ज फिरविला. त्यावर पन्नास हजारांहून अधिक सह्या झाल्या, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तो चित्रपट लागला. प्रेक्षकांनीं मागणी करावी आणि व्यापाऱ्यानें ती मानावी, ही गोष्ट लहान नव्हे. ज्यांना आपण खुळीं पोरें म्हणतों त्यांनीं ती सनदशीर अर्जाच्या मार्गानें करून दाखविली.

आतां जरा मागें जाऊं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' रंगभूमीवर आलें. दोन वर्षांनीं 'सौभद्र' आलें, आणि त्याबरोबर भाऊराव कोल्हटकरांचा आवाज महाराष्ट्राच्या कानीं पडला. त्या काळीं नाटक पाहणें हें सभ्य घरांत भूषण मानलें जात नसे. नाटकांत जाणें तर नाहींच नाहीं. तरीहि पदें घरोघर शिरलीं. नाट्यगृहांत पदांचीं छोटीं पुस्तकें विकत मिळत. तीं घरीं आणावयाचीं, पेटीवर बोटें फिरवून चाल बसवावयाची, आणि दुसऱ्या खेळाला जाऊन आपली चाल बरोबर बसली कीं नाहीं हें ताडून पाहावयाचें, असा एक नवा उद्योग पुण्याच्या तरुणांना लागला. ज्यानें तो केला त्याला घरीं बोलणीं खावीं लागलीं. पण याच उद्योगांतून गाणें दरबारांतून व बैठकींतून निघून माजघरापर्यंत पोंचलें, हेंहि विसरतां येत नाहीं.

या नादाचा कळस झाला तो नारायण श्रीपाद राजहंस यांच्या काळांत. त्यांचा जन्म १८८८ सालचा. पोरवयांत त्यांचें गाणें ऐकून लोकमान्य टिळकांनीं त्यांस 'बालगंधर्व' म्हटलें असें सांगतात, व तेंच नांव पुढें कायम झालें. १९०५ सालीं ते किर्लोस्कर मंडळींत आले. १९११ सालीं खाडिलकरांच्या 'मानापमाना'त त्यांनीं भामिनी उभी केली. १९१३ सालीं गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. मग 'स्वयंवर' आलें, 'एकच प्याला' आला, 'द्रौपदी' आली. टेंब्यांच्या आणि भास्करबुवा बखल्यांच्या चाली, थिरकवांसाहेबांचा तबला, कादरबक्षांची सारंगी, रंगमंचावर खरा शालू, खरा गालिचा आणि खरें अत्तर! एकेका पदाला 'वन्समोअर' वर 'वन्समोअर' पडत, आणि रात्रीं सुरू झालेला खेळ उजाडतां उजाडतां संपे.

हे रसिक काय काय करीत हें जरा बारकाईनें पाहण्यासारखें आहे. गंधर्वांचीं छायाचित्रें घरांतून देवादिकांच्या तसबिरींशेजारीं लागत. त्यांच्या गाण्याच्या तबकड्या ज्याच्या घरीं असत, त्याच्या ओसरीवर शेजारपाजार जमे. आणि स्त्रियांनीं तर याहून नवल केलें. भामिनी कसें लुगडें नेसते, पदर कोणत्या खांद्यावरून कसा घेते, वेणींत फुलें कोठें माळते, नथ कशी शोभते, हें पाहून घरंदाज बायका तसें करूं लागल्या. बाईनें कसें दिसावें हें त्यांनीं एका पुरुषाकडून घेतलें, आणि त्यांत कोणालाहि विपरीत वाटलें नाहीं. आवडत्या पात्राचा वेष स्वतः अंगावर चढविण्यास आजचीं मुलें 'कॉसप्ले' म्हणतात. आमच्या आज्या-पणज्यांनीं तेंच केलें. त्यांच्याजवळ त्याला निराळा शब्द नव्हता, इतकेंच.

जेथें भक्त तेथें पंथ आलेच. गंधर्वांच्या भक्तांना ललितकलादर्शच्या केशवराव भोसल्यांचे भक्त पाण्यांत पाहत. १९१८ सालीं बळवंत संगीत मंडळी निघाल्यावर दीनानाथ मंगेशकरांचा तिसरा पक्ष उभा राहिला. कोणाचा गळा अधिक फिरतो, कोणाचा स्वर अधिक भिडतो, यावर घराघरांत वाद होत, आणि ते अगदीं रामरक्षेच्या पाठांतराइतक्या मनोभावें होत. शेवटीं ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं दोन्ही मंडळ्यांनीं मिळून 'संयुक्त मानापमान' केलें. धैर्यधर केशवराव आणि भामिनी बालगंधर्व. कोण सरस ठरतो हें पाहावयास आलेल्या दोन्ही पंथांच्या खिशांतून देशकार्याला पैसा मिळाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले, आणि तो सामना पुन्हां व्हावयाचा नाहीं हें निश्चित झालें. चाहत्यांच्या भांडणांतून लोकोपयोगी काम काढून घेतां येतें, याचें याहून चांगलें उदाहरण आपल्या इतिहासांत आम्हांस ठाऊक नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, गंधर्वांची गोष्ट आपल्या घरची आहे. तिचा जपानी चित्रांशीं संबंध काय? संबंध आहे, आणि तो चमत्कारिक आहे.

ज्या १९१३ सालीं गंधर्व मंडळी निघाली, त्याच सालीं जपानांत ओसाका शहराजवळच्या ताकाराझुका या गांवीं इचिझो कोबायाशी नांवाच्या रेल्वेच्या मालकानें मुलींचें एक गायनपथक उभें केलें. हेतु सरळ व्यापारी होता: आपल्या रेल्वेच्या शेवटच्या स्थानकापर्यंत लोकांनीं तिकीट काढून यावें. तेथें पोहण्याचा एक बंदिस्त तलाव बांधलेला होता. तो चालेना, म्हणून त्याचेंच नाट्यगृह करण्यांत आलें, आणि १९१४ च्या एप्रिलांत तेथें पहिला खेळ झाला. आपल्या रंगभूमीवर पुरुष स्त्रिया होत, तेथें मुली पुरुष झाल्या. आणि आपल्याकडे जशा स्त्रिया गंधर्वांवर लुब्ध झाल्या, तशाच तेथें मुली व गृहिणी पुरुषवेषांतील त्या नटींवर लुब्ध झाल्या. दोन निरनिराळ्या समाजांत, एकाच वर्षीं, आरशांतील प्रतिबिंबासारखे हे दोन नाद जन्मास आले. स्त्रियांनीं घराबाहेर पडून, तिकीट काढून, स्वतःच्या आवडीचें कांहीं पाहावें, ही नवी गोष्ट दोन्ही समाजांत याच सुमारास घडूं लागली होती. तेव्हां हा केवळ योगायोग म्हणून सोडून देणेंहि बरोबर नाहीं.

ताकाराझुका गांवांतच ओसामु तेझुका या मुलाचें बालपण गेलें. त्याचा जन्म १९२८ चा. त्याची आई त्याला तेथील खेळांना नेई. पुढें तो वैद्यकी शिकला; पण वैद्यकी न करतां त्यानें चित्रकथा काढल्या. १९५३ सालीं त्यानें पुरुषवेषानें वावरणाऱ्या एका राजकन्येची कथा चित्रित केली, आणि आपल्या बालपणीं पाहिलेला तो रंगमंच तीत उतरविला. १९६३ च्या पहिल्या दिवशीं त्याच्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय'ची मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. आज जें अ‍ॅनिमे जगभर पसरलें आहे, त्याची घडी या मालिकेनें बसविली असें मानतात. त्या चित्रांतील मोठ्या, पाणीदार डोळ्यांवर आपल्याकडे पुष्कळ थट्टा होते. त्यांचें एक मूळ डिस्नेच्या चित्रांत आणि दुसरें ताकाराझुकाच्या नटींच्या रंगविलेल्या डोळ्यांत असल्याचें अभ्यासक दाखवितात. म्हणजे असें कीं, आमच्या आजीनें जो आनंद भामिनींत पाहिला, त्याच्याच जुळ्या बहिणीच्या वंशांतील आनंद आज तिची पणती पाहत आहे. परकें म्हणावयाचें तें इतकें परकें नाहीं.

शिवाय पुण्यानें जपानकडून कांहीं घेण्याची ही कांहीं पहिली वेळ नव्हे. जपानांतील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हातीं आली, आणि १९१६ सालीं हिंगण्याच्या परिसरांत भारतांतील पहिलें महिला विद्यापीठ उभें राहिलें. आज रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारांत व शहरांतील अनेक वर्गांत जपानी शिकणारीं मुलें दिसतात, ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर केलेलें पु. ल. देशपांडे उद्यान सिंहगड रस्त्यावर आहे, आणि यांतील कोणत्याहि गोष्टीला आपण खूळ म्हणत नाहीं. मग त्या भाषेच्या वर्गांत मुलगा नोकरीसाठीं गेला तर शहाणा आणि चित्रांच्या गोडीनें गेला तर खुळा, हा न्याय कोठला? आमचा अनुभव असा कीं, गोडीनें गेलेला विद्यार्थी परीक्षा संपल्यावरहि शिकत राहतो.

देवघेव उलट दिशेनेंहि झाली आहे. युगो साको नांवाचे एक जपानी दिग्दर्शक १९८३ सालीं पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठीं भारतांत आले आणि रामकथेच्या नादीं लागले. जपानी भाषेंत उपलब्ध असलेल्या रामायणाच्या दहा आवृत्त्या त्यांनीं वाचून काढल्या असें सांगतात. परकीयानें आपल्या देवाचीं व्यंगचित्रें काढावीं काय, असा गैरसमजाचा विरोध त्यांना सोसावा लागला. तरी आमचे राम मोहन यांच्या साहाय्यानें त्यांनीं रामायणावरील चित्रपट पुरा केला, आणि १९९३ च्या जानेवारींत तो दिल्लीच्या चित्रपट महोत्सवांत दाखविण्यांत आला. त्या वेळीं चित्रगृहांत त्याला म्हणावी तशी जागा मिळाली नाहीं. परंतु ज्या मुलांनीं तो दूरचित्रवाणीवर पाहिला त्यांनीं तो मनांत जपून ठेवला, त्याच्या प्रती शोधल्या, एकमेकांना दाखविल्या. आणि बत्तीस वर्षांनंतर, २४ जानेवारी २०२५ रोजीं, तो देशभरांतील चित्रगृहांत लागला. त्या खेळांना आलेल्यांत स्वतःच्या मुलांचें बोट धरून आलेले पुष्कळ होते. साको हे स्वतः रामकथेचे चाहते होते, आणि त्यांची कृति चाहत्यांनींच तारली.

यावरून आम्हांस या विषयांतील मुख्य गोष्ट सांगावयाची आहे. चाहत्याची किंमत त्याच्या वेडाच्या तीव्रतेवरून करूं नये; त्यानें काय जपलें आणि काय नवें केलें यावरून करावी. १९७५ च्या डिसेंबरांत तोकियोंत चित्रकथांच्या भक्तांनीं आपण स्वतः काढलेल्या पुस्तिकांचा एक लहानसा बाजार भरविला. बत्तीस मंडळें आणि सुमारें सातशें माणसें, एवढाच त्याचा पसारा होता. पुढें त्याचा विस्तार होऊन लाखोंची यात्रा भरूं लागली, आणि कित्येक नामांकित चित्रकार त्या बाजारांतून पुढें आले. १९८३ सालीं एका जपानी लेखकानें या लोकांना 'ओताकु' असें हिणवणारें नांव दिलें. आज तेंच नांव जगभरचे चाहते अभिमानानें लावतात. नाटक्या, तमासगीर, गवई या शब्दांचाहि आपल्याकडे असाच प्रवास झाला आहे.

पुण्यापुरतें बोलावयाचें तर येथील चाहत्यांनीं जपलें नसतें तर आपण केवढें गमावलें असतें! प्रभात कंपनी १९३३ सालीं कोल्हापुराहून पुण्यास आली, आणि १९३४ च्या सुमारास तिनें 'जंबुकाका' नांवाचें एक हलतें व्यंगचित्र काढलें. म्हणजे तेझुका सहा वर्षांचा असतांना पुण्यांत चलच्चित्रें तयार होत होतीं. पण त्या रोपट्याला पाणी घालणारा रसिकांचा मेळा भेटला नाहीं, आणि तें तेथेंच खुंटलें. ज्यांत प्रेक्षकांचा जीव गुंतला होता त्या 'संत तुकाराम'चें भाग्य निराळें. १९३६ सालचा तो बोलपट आजहि पाहावयास मिळतो. १९६४ सालीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, आणि पी. के. नायर यांनीं आपलें आयुष्य त्यासाठीं वेंचलें. हे नायर लहानपणीं सिनेमाच्या तिकिटांचे अर्धे तुकडे जमवीत. त्या काळीं कोणी थोरानें त्यांना पाहिलें असतें तर "कसला हा कचरा!" असेंच म्हटलें असतें. पण त्या तिकिटांच्या वेडांतूनच देशाच्या चित्रपटांचा रक्षणकर्ता निपजला. बालगंधर्वांचा आवाज आज आपल्या कानीं पडतो, तोहि अशाच वेड्यांमुळें. चरे पडलेल्या तबकड्या जुन्या बाजारांतून धुंडाळून, पुसून, कापडांत गुंडाळून ठेवणारीं माणसें या शहरांत होतीं, म्हणून २०११ सालीं गंधर्वांवर चित्रपट निघाला तेव्हां नव्या पिढीला मूळ आवाजाशीं ताडून पाहतां आलें.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाहीं, आणि ती तरुणांनीं विशेष लक्ष देऊन ऐकावी.

बालगंधर्व प्रेक्षकांना 'मायबाप' म्हणत. हा शब्द त्यांच्या तोंडीं केवळ शिष्टाचाराचा नव्हता. 'मानापमाना'चा पहिला खेळ १२ मार्च १९११ रोजीं व्हावयाचा होता, आणि त्याच दिवशीं त्यांची तान्ही मुलगी वारली. खेळ रद्द न करतां ते भामिनी होऊन उभे राहिले. हा प्रसंग कर्तव्यनिष्ठेचें उदाहरण म्हणून आपण शंभर वर्षें सांगत आलों आहों. त्या मुलीच्या आईला ती रात्र कशी गेली असेल, हें मात्र फारसें कोणी विचारलें नाहीं. मायबापांना थाट आवडतो म्हणून त्यांनीं खरे शालू आणि खरें अत्तर आणलें, आणि मंडळी कर्जांत बुडाली. तें कर्ज त्यांनीं खेळामागून खेळ करून फेडलें. पुढें काळ पालटला. १ जुलै १९३३ रोजीं 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आलें आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच कराव्या ही रीत रुजूं लागली. १९३५ सालीं प्रभातच्या 'धर्मात्मा' बोलपटांत गंधर्व एकनाथ महाराज झाले. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं एका नटानें स्वतःची नवी वाट शोधावी, यासारखी योग्य गोष्ट दुसरी नव्हती. पण मायबापांना पुरुषवेषांतील गंधर्व रुचले नाहींत. त्यांना भामिनीच हवी होती, सिंधूच हवी होती, तीच पदें आणि त्याच ताना हव्या होत्या. गंधर्व पुन्हां शालू नेसले. शरीर थकलें, चेहऱ्यावर वय दिसूं लागलें, तरी ते नेसत राहिले. आणि १५ जुलै १९६७ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें तेव्हां त्या पायांतील बळ केव्हांच गेलेलें होतें. पुढच्या वर्षीं, त्यांच्या जन्मदिनीं, २६ जूनला, त्यांच्या नांवाचें रंगमंदिर थाटानें उघडलें.

खरे मायबाप मुलाला वाढूं देतात. तें म्हातारें झालें तरी त्याला पोरवयाचें आंगडें घालण्याचा हट्ट धरीत नाहींत. पुण्याच्या रसिकांनीं गंधर्वांवर प्रेम केलें यांत संशय नाहीं. पण त्या प्रेमानें त्यांना वाढूं दिलें नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे. दोष गंधर्वांचाहि होता असें कोणी म्हणेल, आणि त्यांना व्यवहार कळत नव्हता हें त्यांचे मित्रहि सांगत. तथापि ज्याला आपण देव म्हटलें त्याच्याकडे व्यवहार कोठून यावा?

जपानांतहि हेंच घडलें. तेझुकांनीं 'अ‍ॅस्ट्रो बॉय' प्रेक्षकांपर्यंत पोंचावा म्हणून तो खर्चाहूनहि कमी किंमतींत विकला. मालिका गाजली, पण कमी किंमतीचा जो पायंडा त्या दिवशीं पडला त्याचें ओझें तेथील चित्रकार अद्याप वाहत आहेत असें म्हणतात, आणि तेझुकांची ती कंपनी १९७३ सालीं दिवाळखोरींत गेली. अ‍ॅनिमेची एकेक चौकट काढणाऱ्या तरुण चित्रकारांची अल्प मिळकत आणि त्यांच्या कामाचे अफाट तास, हा आज त्या देशांत उघड चर्चेचा विषय आहे. आपल्याकडील चाहते पुष्कळ वर्षें चोरट्या प्रतींवर भागवीत आले. विकत मिळण्याचा मार्गच नव्हता तोंवर त्यास कांहीं सबब होती. आज चित्रपट चित्रगृहांत लागतात आणि मालिका रीतसर पाहतां येतात, तेव्हां ती सबब उरलेली नाहीं. ज्याच्या चित्रावर आपण रात्र जागवितों, त्याला जेवावयास मिळतें कीं नाहीं याची चौकशी न करणें, हें प्रेम खासच नव्हे. तसेंच, आवडत्या कथेचा शेवट आपल्या मनासारखा झाला नाहीं म्हणून लेखकाला शिव्याशाप देणें, किंवा एखाद्या कलावंतानें नवी वाट धरली म्हणून त्याला पुन्हां जुन्या वाटेवर ओढणें, हेंहि गंधर्वांच्या मायबापांचेंच वागणें झालें.

तेव्हां या वंशावळींतून दोन्ही पिढ्यांनीं घेण्यासारखें आहे तें असें. वडील मंडळींनीं मुलाच्या नादाला खूळ म्हणण्यापूर्वीं तो त्यांत नुसता पाहतो कीं कांहीं करतोहि, एवढें एकदां विचारावें. तो चित्र काढीत असेल, भाषा शिकत असेल, वेष बेतून शिवीत असेल, जुनें शोधून जपत असेल, तर तो पुण्याच्या एका जुन्या आणि प्रतिष्ठित परंपरेंत बसला आहे; मग समोरचें पात्र भामिनी असो वा जपानी राजकन्या असो. तो नुसता विकत घेत असेल आणि रात्र जागत असेल, तर मात्र त्याला रागें भरावें; नाटकाच्या काळांतहि असे नादी होतेच, आणि त्यांचें स्मरण आज कोणाला नाहीं. तरुणांनींहि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपण ज्यांचे चाहते आहों ते कलावंत समुद्रापलीकडे असले, त्यांचें तोंडहि आपण पाहिलेलें नसलें, तरी आपल्या हातीं तिकीट असतें तोंवर आपण त्यांचे मायबाप आहों. रंगमंदिर बांधण्यासाठीं त्यांच्या मरणाची वाट पाहूं नये. त्यांच्या हयातींतच त्यांना पोटभर द्यावें, आणि बदलूं द्यावें.